दोन रायफली आणि एक खांदा

घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची म्हटली, की मराठी माणसाच्या अंगात न्यायाधीश संचारतो. शिलाईचे यंत्र असो की स्कूटर, दहा ठिकाणी चौकशी केल्यावाचून त्याचा हात खिशाकडे जात नाही. पण रायफल? आमच्या डोणगावात कपाशीचे बी कोणते घ्यावे, याचा सल्ला पारावर फुकट मिळतो. रायफलीच्या बाबतीत मात्र सारा मेहकर तालुका मुका!

माझी पुतणी पुण्यास शिकते. एन.सी.सी.मध्ये तिला नेमबाजीचा नाद लागला आणि गेली चार वर्षे ती क्लबच्या रायफलीवर सराव करते. आता तिने बाविशी ओलांडली, शस्त्रपरवान्याचे सोपस्कार पार पडले, आणि दादाने माडी चढवण्यासाठी बाजूला टाकलेले पैसे तिच्या रायफलीसाठी काढायचे ठरवले. आमच्या आईने रक्कम ऐकली मात्र, ती म्हणाली, "माय वं! एवढ्यात तं बैलजोडी येते न् वर गायबी येते!"

आईचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच निवड चुकून चालणार नव्हती. दादाने ते काम माझ्यावर सोपवले व मी पुण्याची गाडी धरली.

प्रकार होता पन्नास मीटर, तीन अवस्थांचा : गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने. प्रत्येकी वीस गोळ्या, एकूण गुण ६००. याच प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. प्राथमिक फेरीत त्यांचे गुण होते ५९०. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक आणले, त्यानंतर मराठी माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली. त्यांच्याही आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पालथ्या अवस्थेतील नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या होत्या.

लक्ष्याच्या मध्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ केवढे असते? व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे! रायफलीवरच्या पुढच्या-मागच्या दृष्टिकांमध्ये पाऊण मीटर अंतर धरा. त्यांच्या जुळणीत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर गोळी साडेसहा मिलिमीटर सरकते. वाचकहो, नुसता श्वास घेतला तरी खांदा याहून कितीतरी अधिक हलतो.

आमच्यासमोर दोन नावे होती : आन्शुट्झ १९१३ आणि वाल्थर केके ५००. ("एवढी जुनी कशाला घेता?" असे दादाने फोनवर विचारले. १९१३ हे साल नसून नमुन्याचा क्रमांक आहे, हे त्याला समजावावे लागले.) दोन्ही कारखान्यांची जन्मकथा मोठी गमतीची आहे. आन्शुट्झ १८५६ साली व वाल्थर १८८६ साली जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, अगदी शेजारशेजारच्या गावांत सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग रशियाच्या अमलाखाली गेला, आणि दोघांनीही नवा संसार थाटला तो पुन्हा एकाच गावी, डॅन्यूबकाठच्या उल्मला! आइन्स्टाइनचे जन्मगाव ते हेच.

दोन्ही रायफली .२२ च्या, दोन्ही बोल्टच्या. दांडी उचलून मागे ओढायची की रिकामे काडतूस बाहेर पडते. नवे ठेवून दांडी पुढे सारून खाली दाबली की नळीचे तोंड घट्ट बंद. चाप दाबल्यावर आतली सुई तेवढी पुढे जाते, दुसरे काही हलत नाही. अचूकतेचे मर्म येथेच आहे. चाप तर इतका हलका, की दीडशे ग्रॅमचा भारही त्याला जास्त व्हावा.

"मग यातली जास्त अचूक कोणती?" मी प्रशिक्षकांना विचारले.

ते हसले. "साहेब, पकडीत घट्ट आवळून झाडल्या, तर दोन्ही गुंडीवरच मारतात. प्रश्न पकडीचा नाही, मुलीच्या खांद्याचा आहे."

मग तीन दिवस पाहत बसलो. दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचा कोन, सारे तिच्या मापाने फिरवून घेतले. शिंप्याकडे कोट बेतावा तसा हा प्रकार. खरी परीक्षा एकच : डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. लक्ष्य आपोआप समोर आले, तर रायफल आपली. मानेने ते शोधावे लागले, तर परकी. दुसरी गोष्ट, बोल्ट ओढताना गाल पट्टीवरून उचलावा लागता कामा नये.

तिसरी गोष्ट काडतुसांची. एकाच कंपनीची, पण निरनिराळ्या घाण्यांत निघालेली काडतुसे एकाच नळीतून निरनिराळी वागतात. म्हणून घाणे तपासून जो नळीला मानवतो त्याचाच साठा करतात. रायफल एकदाच घ्यायची, काडतुसे जन्मभर! ही आमची बैलजोडी रोज पेंड खाणारी आहे, हे ध्यानात घेऊन काडतुसांसाठी पैसे राखूनच रायफल पाहावी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतणी म्हणाली, "काका, वाल्थर पालथं पडून फार सुरेख बसते. पण उभ्यानं मला आन्शुट्झच माझी वाटते. आणि माझे गुण जातात ते उभ्यानंच."

"अगं, पण नवी, देखणी आहे ती!"

"देखणेपणाला गुण नाहीत ना, काका!"

यावर मी काय बोलणार? शिवाय तिथल्या कारागिराचा हात आन्शुट्झवर बसलेला होता. बिघाड झाल्यास अडून राहायचे भय नव्हते. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या खांद्याने वाल्थरच्या बाजूने कौल दिला असता, आणि तोही तितकाच खरा ठरला असता.

आन्शुट्झ आली. माडी यंदा चढली नाही. परवा पुतणीने कळवले की उभ्याने झाडलेल्या वीस गोळ्यांत पूर्वीपेक्षा चार गुण वाढले. आईला हे सांगितले, तेव्हा तिने क्षणभर विचार केला नि विचारले, "चारच?" मग देवापुढे साखर ठेवून म्हणाली, "असू दे. माडीवर मले कुठं चढवत होतं!"