सागरी मार्ग कोणासाठी?

रेवसपासून रेडीपर्यंत कोकण किनाऱ्याने जाणारा मार्ग आता सहलीचा मार्ग म्हणून ओळखला जाऊ लागला आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस नारळी-पोफळीच्या वाड्या आणि अधूनमधून लाटा अंगावर घेत उभे असलेले किल्ले! असा प्रवास कोणास आवडणार नाही? परंतु ज्यांच्या दारावरून हा मार्ग जातो, त्यांच्या लेखी त्याचे मोल निराळे आहे.

कोकणचा जुना हमरस्ता म्हणजे समुद्र. आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा नसे. एकोणिसाव्या शतकात दापोलीजवळच्या मुरुडचा एक सतरा वर्षांचा विद्यार्थी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची ही पायपीट व्यर्थ ठरली. वयाने लहान दिसतो, म्हणून त्यास परीक्षेस बसू दिले नाही. तोच पुढे महर्षी कर्वे म्हणून विख्यात झाला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आज ज्या रेवसहून सहल सुरू होते, तेथे त्या दिवशी कित्येकांची वाट पाहणे संपलेच नाही.

सागरी मार्गाची कल्पना १९८० च्या सुमारास, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, पुढे आली. त्यातील खरे काम पुलांचे आहे. धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या वाटेत आडव्या येतात. पूल नसेल, तर समोर दिसणाऱ्या गावी जाण्यासही फेरीबोटीची वाट पाहावी लागते, नाहीतर लांबचा वळसा घ्यावा लागतो.

२०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साहजिकच पर्यटकांची वर्दळ वाढेल आणि रुंद रस्त्याची मागणीही होईल. मात्र ही रुंदी अरुंद आळ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या शिंपलेल्या वाड्या तोडून मिळवली, तर जे पाहावयास लोक येतात, तेच उरणार नाही. आधी पूल व्हावेत आणि रुंद रस्ता गावाबाहेरून न्यावा, हाच शहाणपणाचा क्रम होय. मुंबईकराचे किती तास वाचले, हा हिशेब नंतर करता येईल. भर आषाढात पैलतीरावरचा विद्यार्थी परीक्षेस वेळेवर पोहोचला की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.