राखणें आणि मोडणें

‘काँझर्व्हेटिव्ह’ म्हणजे राखणारा. परंतु या एका नांवाखालीं इंग्लंडांत दोन निरनिराळ्या वृत्ति वावरत आल्या आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

पहिलीचा आचार्य एडमंड बर्क. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याचा ग्रंथ १७९० सालचा. तो बदलाचा वैरी मुळींच नव्हता. अमेरिकन वसाहतींचीं गाऱ्हाणीं त्यानें पार्लमेंटांत मांडलीं, आणि वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्याचा धुरीणही तोच. त्याचें म्हणणें एवढेंच, कीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली संस्था एखाद्या तत्त्वाच्या भरांत पाडूं नये. तुळई किडली तर तुळई बदलावी. वाडा कां खणून काढावा?

दुसरी वृत्ति मार्गारेट थॅचर यांच्या कारकीर्दींत (१९७९–९०) प्रकट झाली. तिच्यापाशीं सिद्धांत होता, खुल्या बाजाराचा. त्याच्या आड येईल तें, जुनें असो वा नवें, मोडावयाचें. सरकारी टेलिफोन कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग १९८४ सालीं विकले गेले, गॅसचे १९८६ सालीं. ग्रेटर लंडन कौन्सिलची गोष्ट तर पाहा! तें १९६३ च्या कायद्यानें निर्माण केलें काँझर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळानें, आणि १९८६ त बरखास्त केलें तेंही काँझर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळानेंच. त्या कायद्याच्या वेळचे पंतप्रधान मॅकमिलन वृद्धापकाळीं हें सारें पाहत होते. या विक्रीस त्यांनीं १९८५ सालीं घरांतलीं चांदीचीं भांडीं विकण्याची उपमा दिली.

थॅचर यांचे चाहते म्हणतात, संपांनीं व महागाईनें देश जर्जर झाला होता. तुळईच काय, भिंतीही खचल्या होत्या. हें खोटें नव्हे. तरी त्यांस बर्कचे वारस म्हणणें मला पटत नाहीं.