लिंगो गुरूची गोष्ट

गुरूची गोष्ट सांगा म्हटले की द्रोण-अर्जुन किंवा विश्वामित्र-राम यांच्या कथा आपल्याला लगेच आठवतात. आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात शतकानुशतके गायिली जाणारी एक गुरुकथा मात्र जैनथच्या अनेक मुलांना माहीत नसते. ती आहे पहांदी कुपार लिंगोची. तिच्यात राक्षस आहे, अमृत आहे, संकटात धावून येणारे पशुपक्षी आहेत. तरी आम्ही तिला परीकथा म्हणणार नाही, कारण गोंड बांधवांना लिंगो पूज्य आहे.

परधान गायक ही कथा किकरीच्या साथीने गातात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती लिहून घेतली. १८६३ साली ते वारले आणि १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. प्रांतोप्रांती कथेचे तपशील बदलतात. येथे हिस्लॉप यांचा पाठ घेतला आहे.

महादेवाच्या कोपामुळे बहुतेक गोंड गुहेत कोंडले गेले, चौघेच बाहेर राहिले. फुलातून जन्मलेला लिंगो या चौघा भावांना भेटला. त्याने त्यांना शेती शिकवली, विस्तव मिळवून दिला. विस्तव होता माणसे खाणाऱ्या राक्षसाकडे. लिंगोने भोपळ्याचे वाद्य केले आणि असे वाजवले की म्हातारा राक्षस व त्याची म्हातारी नाचू लागली! राक्षसाने आपल्या सात मुली देऊ केल्या. लिंगोने स्वतः लग्न केले नाही, भावांची लावून दिली. पुढे त्या बायकांनी त्याच्यावर खोटा आळ घेतला. भावांनी शहानिशा केली नाही. ज्याने घास मिळवायला शिकवले, त्यालाच त्यांनी रानात नेऊन ठार मारले.

देवाने कावळ्याकरवी अमृत पाठवले आणि लिंगो उठून बसला. यापुढचा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो सूड घेत नाही. आणि काहीच घडले नाही असे दाखवून त्या चौघांकडे परतही जात नाही. गुहेत अडकलेल्या बांधवांकडे तो वळतो. त्यांच्यासाठी तप करतो, महादेवाने सांगितलेले अवघड काम पार पाडतो, गुहेचा दगड हलवतो, पूर आलेली नदी ओलांडवून त्यांना नेतो. मग पुन्हा शिकवायला बसतो! जिवलगांनी दुखावलेल्या मुलाला आपण मोठी माणसे 'जाऊ दे, विसर' एवढेच सांगतो. लिंगोची कथा विसरायला सांगत नाही, त्या मनाला नवे काम देते.

१९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली होती, म्हणजे आपल्या मुलांनाही ती अक्षरे वाचता आली असती. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही निजाम काळात या जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले, गोंडांवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबा लिंगोची कथा सांगतात, त्यांनी ती घरच्या बोलीतच उतरवून वर्गशिक्षकांकडे द्यावी. आम्ही वर दिलेल्या पाठाहून ती वेगळी असली तर आवर्जून द्यावी. परधानांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेल्या पालकांनीही त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात.