आघाडीचे सरकार आणि सोयाबीनचा कट्टा

युसूफ वडगावच्या शेतकऱ्याने दिल्लीत कोणाचे सरकार आले याची चौकशी कशासाठी करावी? त्याचे सोयाबीन केजच्या किंवा अंबाजोगाईच्या मोंढ्यात जाते, आडत्याच्या दुकानात त्याचे माप होते आणि पट्टी हातात पडते. या व्यवहारात दिल्ली कोठे दिसत नाही. परंतु पट्टीवर जो भाव लिहिला जातो, त्याचा मोठा हिस्सा दिल्लीतच ठरतो. म्हणून आघाडीचे सरकार म्हणजे काय, हे शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने समजून घेतलेले बरे.

सन 2024 च्या लोकसभा निवडणुकीचे उदाहरण घेऊ. 4 जूनला निकाल लागले. बीड मतदारसंघात बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. दोघांनाही पावणेसात लाखांहून अधिक मते पडली होती. दुसरीकडे लोकसभेच्या 543 जागांपैकी भारतीय जनता पक्षाला 240 मिळाल्या. बहुमताला 272 लागतात. 32 जागांची तूट तेलुगू देसम (16), संयुक्त जनता दल (12), शिंदे यांची शिवसेना (7) आणि इतर मित्रपक्षांनी भरून काढली. अशा रीतीने दहा वर्षांनंतर मित्रपक्षांवर अवलंबून असलेले सरकार पुन्हा आले.

भागीदारीचा धंदा

व्यापाऱ्याला आघाडी समजावून सांगणे अवघड नाही. ती भागीदारीची पेढी आहे. एकाजवळ भांडवल जास्त, पण एकट्याने दुकान चालवण्याइतके नाही. मग तो दुसऱ्यांना सोबत घेतो. ज्याचे भांडवल थोडे, पण ते काढून घेतल्यास दुकान बंद पडेल, त्याचे वजन त्याच्या हिश्शापेक्षा जास्त असते. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आंध्रच्या नव्या राजधानीसाठी 15,000 कोटी आणि बिहारच्या रस्त्यांसाठी 26,000 कोटी रुपयांची घोषणा झाली, तिचा अर्थ यावरून कळतो.

बाहेरून पाठिंबा हा निराळा प्रकार. तो भागीदार नव्हे, जामीनदार होय. नफ्यात त्याचा वाटा नसतो, पण त्याने जामीन काढून घेतला की पेढी बुडते. सन 1996 मध्ये देवेगौडा यांचे सरकार काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर उभे राहिले आणि मार्च 1997 मध्ये तो पाठिंबा जाताच पुढच्या महिन्यात कोसळले. एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार तर एका मताने पडले. भागीदारीला जसा भागीदारीनामा, तसा आघाडीला किमान समान कार्यक्रम. तो लिहिलेला असला म्हणजे तंटे कमी होतात. पण मूळ विश्वास नसेल तर कागद कामाला येत नाही.

कट्ट्याच्या भावावर परिणाम

आता सोयाबीनकडे येऊ. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यावरचे आयात शुल्क कमी झाले की बाहेरचे तेल स्वस्त पडते. शहरातील गिऱ्हाईक खूश होते, पण तेलगिरण्या आपल्या सोयाबीनला चढा भाव देत नाहीत. शुल्क वाढले की उलटे घडते. म्हणजे तेल खाणारा आणि तेलबिया पिकवणारा यांचे हित या एका आकड्यात एकमेकांविरुद्ध उभे असते.

सन 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारभाव त्याखाली होता. लोकसभेच्या निकालात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने सत्ताधारी आघाडीला फटका दिला होता आणि विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. सप्टेंबरच्या मध्यास केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केले. 20 नोव्हेंबरला मतदान होते. त्याच्या काही दिवस आधी सरकारी खरेदीतील ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के झाली. पुढे 30 मे 2025 रोजी कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा 16.5 टक्क्यांवर आले. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरील 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले, तेही नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर.

मात्र सगळा दोष किंवा सगळे श्रेय सरकारला देणेही बरोबर नाही. सोयाबीनमधून तेल साधारण अठरा टक्के निघते, बाकी मुख्यतः पेंड. मक्यापासून इथेनॉल तयार करताना उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्त मिळू लागला आणि पेंडीचा उठाव घटला. त्यामुळे शुल्क वाढूनही भाव अपेक्षेइतका चढला नाही. "शुल्क वाढले, आता भाव येणारच" असे म्हणून ज्यांनी उधार-उसनवारी करून माल दाबून ठेवला, त्यांच्या हाती व्याजच आले.

रेल्वेचा धडा

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा लोहमार्ग 1990 च्या दशकात मंजूर झाला. खर्चाचा निम्मा भार केंद्राने आणि निम्मा राज्याने उचलायचा होता. त्यानंतर दोन्हीकडे निरनिराळ्या रंगांच्या आघाड्या आल्या आणि गेल्या. बीडपर्यंत प्रवासी गाडी यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला. आघाडी कोणाची, यापेक्षा आपल्या मागणीचा पाठपुरावा किती सातत्याने होतो, हे महत्त्वाचे ठरते.

शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने काय करावे?

पहिले, निवडणुकीच्या अगोदरच्या आणि नंतरच्या निर्णयांत फरक असतो, हे लक्षात ठेवावे आणि घोषणेवर सौदा करू नये. दुसरे, हमीभावाइतकेच आयात शुल्काकडेही लक्ष द्यावे. हमीभाव वर्षातून एकदा जाहीर होतो, शुल्क एका रात्रीत बदलते. तिसरे, सगळा माल एकाच वेळी विकू नये आणि सगळा धरूनही ठेवू नये. चौथे, खासदार सत्तेत असो वा विरोधात, पिकाच्या हंगामात शुल्क कमी करू नये ही मागणी त्याच्याकडे लेखी पोहोचवावी.

सहा हजारांच्या फरकाने जिथे खासदार ठरतो, तिथे शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे मत हलके नाही. ते एकत्र पडले तर आघाडीच्या पेढीत आपलाही हिस्सा धरला जाईल.