फॉर्म ५४१ : बाँबफेकी विमानांची नोंद कशी वाचावी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक स्क्वाड्रनला ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ ठेवावे लागे. त्यात दोन प्रकारचे कागद असत. फॉर्म ५४० म्हणजे रोजच्या घडामोडींचा गोषवारा: हवामान, बदल्या, पदके, पाहुणे. फॉर्म ५४१ वर प्रत्यक्ष कामगिरी येई: विमानाचा अनुक्रमांक, क्रूची नावे, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ आणि शेवटी दोन-चार ओळींचा तपशील. लंडनच्या क्यू भागातील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एअर २७’ या मालिकेत हे कागद जपलेले आहेत. लँकेस्टर, हॅलिफॅक्स, स्टर्लिंग या चार इंजिनांच्या विमानांचे युद्ध ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला हे कागद टाळून चालणार नाही. पण ते सरळ वाचले तर दिशाभूलही करतात.

सुरुवात तारखेपासूनच होते. मोहिमा रात्रीच्या, म्हणून तारीख जोडीने लिहितात: ३०/३१ मार्च १९४४. त्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने निघाली आणि ९५ परतली नाहीत. एकाच मोहिमेत बाँबर कमांडने, म्हणजे हवाई दलाच्या बाँबफेकी विभागाने, इतकी विमाने कधीच गमावली नव्हती. वारा चुकीचा हेरला गेल्यामुळे कित्येक क्रूंनी न्यूरेंबर्ग समजून श्वाइनफुर्टवर बाँब टाकले. परतल्यावर त्यांनी जे सांगितले तेच तपशिलाच्या रकान्यात उतरले. ते खोटे बोलत नव्हते. सहा-सात किलोमीटर उंचीवरून, ढग, धूर आणि सर्चलाइटच्या झोतांत जे दिसले, ते त्यांनी सांगितले.

क्रूच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, हे आधीच लक्षात आले होते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये डी. एम. बट या सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून घेतलेली छायाचित्रे तपासून अहवाल दिला. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद असलेल्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचली होती. त्यानंतर छायाचित्राला फार महत्त्व आले. बाँब सुटले की त्यांच्याबरोबर प्रकाशाचा फ्लॅशही सुटे. तो खाली जाऊन पेटेपर्यंत, सुमारे अर्धा मिनिट, पायलटला विमान सरळ रेषेत, एकाच उंचीवर ठेवावे लागे. खालून तोफा डागल्या जात असताना चुकवाचुकवी करायची नाही, कारण छायाचित्र बिघडेल. म्हणून नोंदीत छायाचित्राचा उल्लेख दिसला की मी तिथे थांबतो. त्या शब्दामागे सात माणसांचे ते अर्धे मिनिट असते.

या नोंदींतला शब्दसंग्रह मोठा आहे, पण पटकन अंगवळणी पडतो. ‘गार्डनिंग’ म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणे. सुरुंगांना ‘व्हेजिटेबल्स’ म्हणत आणि समुद्राच्या पट्ट्यांना फुलाफळांची नावे. ‘निकेल’ म्हणजे पत्रके टाकणे. ‘विंडो’ म्हणजे जर्मन रडार गोंधळवणाऱ्या धातूच्या पट्ट्या. त्या पहिल्यांदा वापरल्या २४/२५ जुलै १९४३ च्या रात्री, हँबुर्गवर. ‘वांगानुई’ दिसले तर लक्ष्य ढगांखाली होते आणि पाथफाइंडर विमानांनी आकाशातच रंगीत दिवे सोडून खूण केली होती, असे समजावे. अमेरिकन कागदांकडे वळताना मात्र जपावे. तिथे ‘मिशन’ म्हणजे अख्खा हल्ला आणि ‘सॉर्टी’ म्हणजे एका विमानाची एक फेरी. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की सगळी बेरीज कोसळते.

ब्रिटिश क्रू आपल्या फेरीला ‘ऑप’ म्हणत. तीस ऑप झाल्या की पहिली ‘टूर’ संपे आणि माणूस काही महिने तरी सुटे. त्यामुळे ऑप कशी मोजायची हा जिवाचा प्रश्न होता. १९४४ च्या वसंतात बाँबर कमांडने ठरवले की फ्रान्समधली लक्ष्ये जवळची, धोका कमी, म्हणून तिथली फेरी एक तृतीयांश ऑप धरायची. ३/४ मे रोजी मायी-ल-काँच्या रणगाडा तळावर ३४६ लँकेस्टर गेली. बेचाळीस परतली नाहीत. त्यानंतर तो नियम मागे घेतला गेला. कचेरीत बसून मांडलेला हा अपूर्णांक वाचताना मला आजही संताप येतो.

न परतलेल्या विमानाची नोंद बहुधा सर्वांत आखूड असते. उड्डाणाची वेळ आहे, उतरण्याचा रकाना कोरा, आणि पुढे ‘परतले नाही’ एवढेच. पण ती त्या सकाळची माहिती असते. क्रू मारला गेला, कैद झाला की कुणाच्या मदतीने सुटला, ते या कागदावरून ठरवता येत नाही. त्यासाठी युद्धानंतर बेपत्तांचा शोध घेणाऱ्या पथकांचे अहवाल पाहावे लागतात. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले.

शोध घेताना स्क्वाड्रनने विमानाला दिलेल्या ओळख-अक्षरावर भिस्त ठेवू नये. लंडनमध्ये हेंडनच्या संग्रहालयात उभे असलेले लँकेस्टर ८३ स्क्वाड्रनमध्ये ‘क्वीनी’ (क्यू) होते, ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनमध्ये ‘शुगर’ (एस) झाले. एखादे विमान पडले की त्याचे अक्षर नव्या विमानाला मिळे. आर-५८६८ हा अनुक्रमांक मात्र शेवटपर्यंत तोच राहिला. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवणारे भारतीय नॅव्हिगेटर शैलेंद्र एकनाथ सुखठणकर याच विमानातून मोहिमांवर गेले होते. मराठी वाचकाला फॉर्म ५४१ उघडायचा असेल, तर त्यांच्या नावापासून सुरुवात करावी: आधी अनुक्रमांक, मग जोडतारीख, मग दोन्ही वेळा, आणि तपशिलाचा रकाना सगळ्यात शेवटी.