निवृत्तीची पुंजी आणि भाड्याचे घर

सेवानिवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला की शिक्षक असो वा कार्यालयीन कर्मचारी, त्याच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. भविष्य निर्वाह निधी, उपदान, शिल्लक रजेचे रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण यांतून एकरकमी हाती येणाऱ्या पैशाचे काय करावे? तालुक्याच्या गावी एखादी सदनिका घेऊन ती भाड्याने द्यावी, हा विचार अनेकांना सुरक्षित वाटतो. घर डोळ्यांना दिसते, भाडे दरमहा येते आणि मालमत्ता मुलाबाळांना राहते. तथापि, हा निर्णय घेण्यापूर्वी त्याचा हिशेब नीट मांडणे अगत्याचे आहे.

निव्वळ उत्पन्न किती?

उदाहरणादाखल ३० लक्ष रुपयांची सदनिका घेऊ. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरून ती सुमारे ३२ लक्षांना पडते. दरमहा ८,००० रुपये भाडे मिळाले आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर ८८,००० रुपये हाती येतात. त्यातून घरपट्टी, संस्थेचा देखभाल खर्च आणि रंगरंगोटी यांचे २०,००० रुपये वजा जाता ६८,००० उरतात. म्हणजे गुंतविलेल्या रकमेवर वर्षाला जेमतेम २ टक्के!

याउलट, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये ३० लक्ष रुपये झाली, तेव्हा व्याजदर ८.२ टक्के होता. त्या दराने ३० लक्षांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांनाही निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ३ महिन्यांच्या आत ती या योजनेत ठेवता येते.

अर्थात, नाण्याला दुसरी बाजूही आहे. ठेवीचे व्याज ५ वर्षे तेवढेच राहते. भाडे व घराची किंमत मात्र काळानुसार वाढू शकते. आयकर आकारताना भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट मिळते, तशी ती व्याजावर मिळत नाही. परंतु अचानक शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर घराची एक खोली तेवढी विकता येत नाही. शिवाय, अंशराशीकरणामुळे घटलेले निवृत्तिवेतन १५ वर्षांनंतरच पूर्ववत होते. तोवरची दरमहाची तूट भाड्यातून भरून निघेल काय, हे आधीच पाहिले पाहिजे.

कायद्याचे संरक्षण

भाडेकरू घर सोडणार नाही, ही भीती जुनी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाड्याचा आधार धरल्याने घरमालकांचे उत्पन्न दीर्घकाळ गोठले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर करार लेखी व नोंदणीकृत नसल्यास वादाच्या वेळी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट, विधिवत करार असून मुदत संपल्यावरही घर रिकामे केले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व दुप्पट दराने भरपाई मिळू शकते.

खरेदी करताना

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेचा ताबा मिळेपर्यंत भाडे सुरू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी पाहावी. नोंदणीकृत विक्री करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, ही २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील तरतूद आहे. जुनी सदनिका असल्यास हक्काचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला मागावा.

सारांश, निवृत्तीची पुंजी ही वेतनाची जागा घेणारी रक्कम होय. घरखर्च, औषधोपचार आणि अडीअडचण यांची तरतूद प्रथम बाजूला काढावी. त्यानंतर कर्ज न काढता जे उरेल, त्यात घर बसत असेल तरच ते घ्यावे. शाळेत वा ग्रामपंचायतीत सहकाऱ्याच्या निरोपाचा समारंभ होईल, तेव्हा शाल-श्रीफळासोबत हा हिशेबही त्याच्यापुढे मांडला, तर त्याचे उतारवय अधिक निश्चिंत होईल.