आमटीत डाळ किती?

‘आमच्याकडे रोज पोळी, भाजी, वरण, भात सगळं असतं. मग समतोल आहार म्हणजे आणखी वेगळं काय करायचं?’ असं पुष्कळजणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या ताटाची मांडणी मुळात चांगलीच आहे. पण ताटात पदार्थ किती, यापेक्षा कोणता पदार्थ किती आणि कुणाच्या ताटात किती, हे एकदा पाहायला हवं.

पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ ही नावं आपण शाळेतच पाठ केलेली आहेत. पोळी, भात, बटाटा, साखर यांतून काम करायला शक्ती मिळते. डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिने शरीराची झीज भरून काढतात. तेल-तुपाचीही गरज असतेच. मात्र एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून ४ उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच तेलातून ९.

आता आमटीचं पातेलं घेऊ. पाच माणसांच्या घरात एका वेळेला १०० ग्रॅम तूरडाळ शिजवली, तर तिच्यात प्रथिने असतात सुमारे २२ ग्रॅम. सारखी वाटणी केली तरी माणशी साडेचार ग्रॅमसुद्धा येत नाहीत. आणि सारखी वाटणी होते कुठे? मुलांना आधी घट्ट वरण, मग यजमानांना आणि सासूसासऱ्यांना वाटी वाटी आमटी. ऐनवेळी कुणी आलं तर पातेल्यात भांडंभर पाणी आणि वर चिमूटभर मीठ! आपण बसतो सगळ्यांच्या शेवटी. तोवर आमटी नावालाच उरलेली. मग तिसरी पोळी लोणच्याशी, आणि उरलेला भात टाकवत नाही म्हणून तोही आपल्याच ताटात. पोट भरतं, पण ते सगळं पिष्टमय पदार्थांनी. चार वाजता पुन्हा भूक लागते, आणि हात जातो बिस्किटांच्या डब्याकडे. तेही पुन्हा पिष्टमयच!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला याहून जास्त. आता दिवसभराचं खाणं मोजू. दोन वेळच्या चहातलं दूध, सकाळचे पोहे, दोन्ही जेवणांच्या मिळून पाच पोळ्या, थोडा भात, पातळ आमटी, भाजी. बेरीज तीस-पस्तीस ग्रॅमच्या आसपास येते. निम्म्याहून अधिक प्रथिने पोळी-भातातूनच आलेली!

ही तूट भरून काढायला महागड्या पावडरी नकोत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम मटकी मोड आणून तिची उसळ केली तर सहा-सात ग्रॅम मिळतात. वाटीभर घरच्या दह्यातून चार-पाच. अंडं चालत असेल तर एका अंड्यातून सहा. पण हे खायचं तर स्वयंपाक झाला की लगेच आपली वाटी काढून झाकून ठेवावी. यात स्वार्थ कसला? सासूबाईंना काय वाटेल अशी शंका असेल, तर त्यांचीही वाटी भरून ठेवावी. उतारवयात पोळी-भाकरी चावत नाही म्हणून नुसता मऊ भात खाणाऱ्या सासूबाईंना घट्ट वरणाची गरज आपल्याइतकीच आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, हे दोघींनीही लक्षात ठेवलेलं बरं.

धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, भाजणीचं थालीपीठ, मेतकूट-भात या जोड्या इतक्या चांगल्या. कोणे एके काळी ज्या कुणी भाजणीत हरभरा आणि उडीद घातले, तिला पोषणशास्त्र माहीत नसेल, पण अक्कल नक्कीच होती! उलट बटाट्याची भाजी, पोळी आणि भात हे ताट भरलेलं दिसतं खरं, पण तिन्ही एकाच घरचे. बटाटा भाजीच्या खात्यात धरूच नये.

उपासाचंही तेच. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी आणि दही बरं. कूट जरूर घाला, फक्त दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं हे विसरून तूपही सढळ हाताने ओतू नका.

राहिला तेलाचा प्रश्न. माणशी रोज पाच छोटे चमचे तेल-तूप, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, पुरेसं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला तीन किलो झालं. फोडणी अंदाजाने घालण्याची आपली सवय एका दिवसात जात नाही. त्यावर उपाय सोपा: एक तारखेला महिन्याचं तेल वेगळ्या डब्यात काढायचं आणि पंधरा तारखेला डबा उघडून पाहायचा. दिवाळीचा महिना अर्थात सोडून!

२०२४ साली याच संस्थेने जो सल्ला दिला, त्यात धान्यातून येणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंतच असावेत असं म्हटलं आहे. म्हणजे डाळ-उसळ वाढवायची ती एक पोळी कमी करून, वर चढवून नव्हे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी उद्यासाठी मटकी आज सकाळीच भिजत घालावी. रात्री उपसून फडक्यात बांधली की सकाळी मोड येतात. थंडीत दोन-चार तास जास्त लागतील इतकंच.